न पाखडलेला दगड

मे महिन्यात कुहीच्या बसस्थानकाजवळ उभं राहून कुणाला सांगावं, की मी हिमसरोवराची माहिती काढायला आलोय. माणूस आधी आपल्या डोक्यावरचा दुपट्टा बघतो आणि मग सावलीत बसवून पाणी देतो. माझं तरी असंच झालं. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेलेला. रसवंतीवाल्यानं चरकात दुसऱ्यांदा ऊस सारला आणि म्हणाला, "आमच्या इकडं बर्फ म्हणजे लादीचा, सर. तोही नागपूरवरून येते."

त्याचं चूक नव्हतं. महाराष्ट्रात आज हिमनदी नाही, म्हणून हिमसरोवरही नाही. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि एवढ्या उंचीवर या अक्षांशात बर्फ टिकायचं नाव नाही. कुहीची जमीन तर वैनगंगेच्या खोऱ्यातली, सपाट, मिरचीची आणि धानाची. पण यातला 'आज' हा शब्द काढून टाकला की उत्तर बदलतं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विदर्भात बर्फ होतं, हिमनद्या होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी गार, गढूळ पाण्याची तळीही होती. त्यांच्या तळाचा गाळ दगड होऊन अजून शिल्लक आहे. कुहीच्या शेजारी उमरेडला कोळशाची खाण आहे. त्या भागातल्या कोळशाच्या थरांच्या खाली, अगदी बुडाशी, तो दगड येतो.

आधी हिमसरोवर म्हणजे काय ते बघू. पूर्व विदर्भातल्या वाचकाला ते समजावणं सोपं, कारण बोडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, वरून येणारं पाणी अडवायचं, जास्तीचं सांडव्यातून काढून द्यायचं. भंडारा-गोंदियाकडं कोहळी लोकांनी असे तलाव शेकड्यांनी बांधले आणि ब्रिटिश काळापासून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. हिमनदीही अशीच पाळ घालते, फक्त हेतूवाचून. ती डोंगर खरवडत उतरते तेव्हा माती, वाळू, घराएवढे मोठे धोंडे असं सगळं पुढं ढकलत आणि अंगावर वाहत आणते. उष्मा वाढला की तिचं टोक वितळून मागं सरतं आणि आणलेला माल तिथंच अर्धगोल बांधासारखा पडून राहतो. त्याला हिमोढ म्हणतात. मागं सरलेलं बर्फ आणि पुढचा हिमोढ यांच्यामध्ये जो खळगा उरतो त्यात वितळलेलं पाणी साचतं. हेच हिमसरोवर.

फरक एवढाच, की या पाळीवर माती कुणी चोपलेली नसते आणि सांडवा कुणी ठेवलेला नसतो. बिनसांडव्याच्या पाळीवरून पाणी गेलं तर काय होतं हे कुहीतल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाणी आधी एक बारीक घळ पाडतं, घळ तासाभरात खिंडार होते, आणि मग तलाव एकदम रिकामा. १७ जून २०१३ च्या सकाळी केदारनाथच्या वरचं चोराबारी ताल असंच फुटलं. सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक सरोवरात ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री कडेचा हिमोढ कोसळला, त्यानं उठलेल्या लाटेनं पाळ ओलांडली आणि खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं. ल्होनाक तर गेल्या काही दशकांत हिमनदी मागं हटत गेली तसं वाढत वाढत एवढं झालं होतं. विदर्भातलं तळं इतकं जुनं, की त्याची पाळ कधी फुटली, फुटली की गाळानं भरून गेली, हे विचारण्यात अर्थ नाही. पण ते होतं, हे कशावरून?

इथं सूप आठवावं. सूप पाखडलं की दाणा मागं राहतो, कोंडा पुढं जातो. नदी हेच करते. वर धोंडे टाकते, पुढं गोटे, मग वाळू, आणि संथ झाली की शेवटी गाळ. म्हणून नदीनं घातलेल्या थरात एका जागी साधारण एका मापाचा माल सापडतो. बर्फाला पाखडता येत नाही. ते पोतं आहे. हरभऱ्याएवढा खडा आणि बैलगाडीएवढा धोंडा त्यात शेजारी शेजारी बसून येतात आणि पोतं फाटलं की एकाच ठिकाणी सांडतात. बारीक मातीत मोठमोठे धोंडे सुटे सुटे रुतून बसलेत, एकमेकांना टेकलेलेही नाहीत, असा दगड दिसला की भूशास्त्रज्ञाचे कान टवकारतात.

असा दगड भारतात पहिल्यांदा नीट ओळखला तो ओडिशातल्या तालचेर इथं, १८५६ साली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये स्थापन झालं होतं आणि टॉमस ओल्डहॅम त्याचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालचे विल्यम आणि हेन्री हे ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड कोळशाच्या शोधात तालचेरला फिरत होते. ब्लॅनफर्ड बंधू तेव्हा विशी-पंचविशीतले. कोळशाखाली त्यांना हिरवट मऊ दगडात रुतलेले परके धोंडे दिसले. जवळपास तसा दगड नाही, मग ते आले कुठून? वाहत्या पाण्यानं एवढे मोठे धोंडे आणले म्हणावेत तर भोवतीचा बारीक गाळ वाहून जायला हवा होता. त्यांनी धीर करून लिहिलं, की हे बर्फाचं काम असावं.

हा धीर किती, ते त्या काळात जाऊन पाहावं लागेल. युरोपात कधीकाळी हिमयुग होऊन गेलं, असं लुई अगासी १८४० मध्ये ग्रंथातून सांगत होता आणि निम्मे विद्वान त्याच्याशी भांडत होते. तेही आल्प्सच्या पायथ्याशी, जिथं बर्फ डोळ्यांना दिसतं. इथं तर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून फारसं उंच नसलेल्या मैदानात बर्फ होतं म्हणायचं! म्हणून त्या तरुणांनीही हिमनदी म्हणायचं टाळलं. थंडीत नदीच्या तळाशी गोठणारं बर्फ धोंडे उचलून वाहून नेतं, तसलं काहीतरी असेल असं म्हणून ते थांबले. मला हा संकोच आवडतो. डोळ्यांना जेवढं दिसलं त्याच्या एकच पाऊल पुढं टाकायचं, दोन नाही.

दुसरं पाऊल विदर्भात पडलं. १८७२ मध्ये ओल्डहॅम आणि फ्रान्सिस फेडन हे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, पश्चिम-नैऋत्येला पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ पोचले. (चंद्रपूरला पाणी देणारं इरई धरण वेगळं. नावानं फसून तिकडं जाऊ नये.) इथं खाली पैनगंगा चुनखडी आहे, ज्या चुनखडीवर या भागातले सिमेंटचे कारखाने चालतात तीच, आणि तिच्यावर तालचेरसारखा धोंड्यांचा थर. नदीनं हा वरचा थर काही ठिकाणी धुऊन नेला होता आणि खालची चुनखडी उघडी पडली होती. ती गुळगुळीत होती, घोटलेली, आणि तिच्यावर एकाच दिशेनं गेलेले लांब सरळ ओरखडे आणि खाचा होत्या. फेडननं १८७५ मध्ये त्यावर टिपण लिहिलं. नदीच्या तळाचं बर्फ धोंडे उचलेल, पण जमिनीला असा रंधा मारणार नाही. त्यासाठी वरून प्रचंड वजन हवं आणि ते दाबून घसरत जायला हवं. म्हणजे हिमनदीच.

अशा थरातला धोंडा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. नदीचा गोटा सगळीकडून गोल, बटाट्यासारखा, कारण तो गडगडत आलेला. हा तसा नसतो. त्याला एखादी बाजू सपाट असते, कधी दोन, जुन्या लोखंडी इस्त्रीच्या तळासारखी. बर्फानं त्याला घट्ट धरून खालच्या खडकावर घासलेलं असतं आणि मध्येच पकड सुटून तो कलंडला, की दुसरी बाजू घासायला सुरुवात. सपाट बाजू उन्हात तिरकी धरली की बारीक समांतर रेघा दिसतात आणि त्यांना छेद देणारी दुसरी एखादी जुडीही. वापरून झिजलेला पाटा गुळगुळीत होतो तशी ही झीज, फक्त वरवंट्याच्या जागी डोंगर. नख फिरवलं तर रेघा बोटाला लागतात. तीस कोटी वर्षांत त्या बुजल्या नाहीत, कारण हिरव्या गाळानं त्यांना लगेच झाकून टाकलं.

आणि या गाळातच तळ्याचा पुरावा आहे. धोंड्यांच्या थरावर बहुतेक ठिकाणी हिरवट, शेवाळी रंगाचा शेल येतो. ऊन-पावसात उघडा पडला की तो लांबट, टोकदार काड्यांमध्ये फुटतो. पाटीवरच्या दगडी पेन्सिलींचा खोका उपडा केलाय असं वाटतं. भूशास्त्रज्ञ त्याला सुई-शेल म्हणतात. हा गाळ इतका बारीक, की तो वाहत्या पाण्यात बसूच शकत नाही. त्याला दिवसचे दिवस हलणार नाही असं पाणी हवं. त्याच्या सोबतच्या वालुकाश्मात फेल्डस्पारचे गुलाबी-पांढरे कण ताजेतवाने चमकताना दिसतात. हे आपल्याकडं नवलाचं आहे. आपल्या हवेत पट्टीदार नाईस खडकातलं फेल्डस्पार काही काळात कुजून माती होतं, विहीर खणताना लागणारा मुरूम तसाच तयार होतो. हे कण कुजले नाहीत, याचा अर्थ ते दळले गेले ते थंडीत. शीतकपाटात ठेवलेल्या भाजीसारखे.

पहिल्या जागेवरून नाव मिळालेल्या या तालचेर खडकांत काही ठिकाणी हा गाळ जोडीजोडीनं येतो. एक थर जरा जाड, फिकट, भरड. त्यावर एक पातळ, गडद, मेणासारखा बारीक. पुन्हा भरड, पुन्हा बारीक. उन्हाळ्यात बर्फ वितळून ओढे गढूळ होतात, भरड माल तळ्यात येतो. हिवाळ्यात ओढे गोठतात, वर बर्फाचं झाकण पडतं, आणि पाण्यात तरंगत राहिलेली पिठासारखी माती सावकाश खाली बसते. एक जोडी म्हणजे एक वर्ष. गेरार्ड दे गेअर या स्वीडिश भूशास्त्रज्ञानं आपल्या देशातल्या शेवटच्या हिमयुगाच्या तळ्यांमधल्या अशा जोड्या मोजत मोजत सुमारे १२ हजार वर्षांचं पंचांग तयार केलं आणि १९१० मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत मांडलं. आपल्याकडची पानं इतकी सलग हाती लागत नाहीत. पण लागतात तिथं एका बोटाच्या पेराएवढ्या जाडीत काही वर्षं मावलेली असतात.

या पापुद्र्यांमध्ये मधूनच एखादा एकटा खडा सापडतो. सुपारीएवढा, नारळाएवढा. त्याच्या खालचे थर दबून वाकलेले आणि वरचे थर त्याच्या डोक्यावरून घडी पडावी तसे गेलेले. हा खडा गाळात कडेनं लोळत आलेला नाही, तो वरून पडला. तळ्यावर तरंगणाऱ्या हिमखंडात तो अडकलेला होता. खंड वितळला, पकड सुटली, आणि खडा शांत पाण्यातून थेट तळाच्या लोण्यासारख्या गाळात. त्या एका क्षणाचा ठसा आपल्याला बोटानं चाचपता येतो. मला विचाराल तर या सगळ्या पुराव्यांत मला सगळ्यात जास्त पटतो तो हा. ओरखड्यांवर वाद घालता येतो, पण तळ्याच्या मध्यभागी दगड नेऊन सोडायला दुसरी नाव कुठून आणणार?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तालचेरचा सगळाच गाळ तळ्यातला नाही. मध्य प्रदेशात उमरिया इथं १९२१ मध्ये के. पी. सिनोर यांना या खडकांच्या लगत वर समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. छत्तीसगडात मनेंद्रगडलाही ते आहेत. बर्फ वितळल्यावर समुद्राची पातळी चढली आणि एक चिंचोळी खाडी मध्य भारतापर्यंत आत आली होती. तेव्हा एखाद्या ठिकाणचा हिरवा गाळ गोड्या पाण्यातला की खाऱ्या, यावर अभ्यासकांची तोंडं आजही दोन दिशांना असतात.

आता तळ्याच्या काठावर उभं राहू. डोळ्यांपुढं लडाख येत असेल तर ते आधी पुसून टाकावं लागेल. पक्षी नाहीत, पहिला पक्षी निघायला अजून चौदा-पंधरा कोटी वर्षं आहेत. गवत नाही. फूल नाही, कारण फुलणारी झाडं जगात कुठंच नाहीत. मधमाशी नाही. खडकावर शेवाळ असेल, आणि बर्फापासून दूर उघड्या जमिनीवर काही खुरटी झाडं. हे झाडांचं अंदाजानं म्हणत नाही. तालचेरच्या शेलमध्ये परागकण सापडतात, आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या अभ्यासकांनी ते वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत. त्यातल्या पुष्कळ कणांना कडेनं हवेची एक गोल पिशवी असते, टोपीच्या काठासारखी, वाऱ्यावर दूर जायला सोयीची. तळ्याकाठी ऐकू येणारे आवाज मोजकेच असतील: बर्फाला तडा गेल्याचा, पाण्याचा, वाऱ्याचा.

आजच्या हिमालयातल्या तळ्यांचं तसं नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी येणाऱ्या लडाख-तिबेटच्या तलावांवर पट्टकादंब घरटी करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून नागपूर जिल्ह्यातल्या तलावांवर उतरतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस डिसेंबरात इकडच्या पाण्यावर पाहावा. हिमसरोवराच्या गावचा हा एक पाहुणा तरी दरसाल न चुकता येतो.

बर्फ इथं आलं कसं, हे कोडं मात्र ओल्डहॅम-ब्लॅनफर्ड यांच्या पिढीला सुटलं नाही. त्याच काळातले तसेच धोंड्यांचे थर दक्षिण आफ्रिकेत निघाले, ऑस्ट्रेलियात निघाले, ब्राझीलमध्ये निघाले. उष्ण कटिबंधात जागोजागी बर्फ, आणि उत्तर युरोपात मात्र त्याच सुमारास कोळशाची दलदलीची रानं! आल्फ्रेड वेगेनरनं १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं तेव्हा त्यानं पुराव्यात हे हिमथर पुढं केले. सगळे तुकडे जोडून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवा, म्हणजे विखुरलेलं बर्फ एका जागी येतं. भारत तेव्हा अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये चेपून बसला होता. आपण बर्फाकडं गेलो होतो, बर्फ आपल्याकडं आलं नव्हतं. या जोडखंडाचं नाव गोंडवन. ते आपल्याच मातीतलं आहे. हेन्री मेडलिकॉटनं १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या या खडकांना गोंडांच्या देशावरून गोंडवाना म्हटलं आणि ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसनं ते उचलून अख्ख्या खंडाला दिलं. गोंड राजा बख्त बुलंदानं वसवलेल्या नागपूरच्या माणसानं याचा थोडा तोरा मिरवायला हरकत नाही.

मग खंड सरकला, हवा निवळली, बर्फ गेलं. तळी गाळानं भरत आली, त्यांच्या जागी दलदल झाली आणि दलदलीत ग्लॉसोप्टेरिस उगवलं. जिभेच्या आकाराचं पान, मधे ठळक शीर, बाजूला जाळीदार शिरा. त्या रानाचा कुजून दबून कोळसा झाला, उमरेडला निघतो तो. नागपूर भागातले हे पानांचे ठसे गोळा करणारा पहिला चिकट माणूस म्हणजे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे. त्यानं पाठवलेल्या वनस्पती-जीवाश्मांचं वर्णन १८६१ मध्ये लंडनमध्ये छापून आलं. पुढं १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथी दक्षिण ध्रुवावरून परतताना उपाशी, गारठून मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सोळा-एक किलो दगड होते. सामान कमी करत आले, दगड टाकले नाहीत. त्यात ग्लॉसोप्टेरिस होतं. कामठीकडच्या दगडात दिसतं तेच पान.

कुहीची जमीन बहुतेक करून याहूनही जुन्या पट्टीदार खडकाची. तालचेरचा गाळ अशा उंचवट्यावर टिकत नाही, खोलगटात टिकतो. पण उमरेडच्या बाजूला बर्फ होतं तर ते तालुक्याची हद्द बघून थांबलं असेल असं मानायला कारण नाही.

परतताना मी आंभोऱ्याला गेलो. कुही तालुक्याच्या टोकाला इथं वैनगंगेला कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथंच लिहिला असं मानतात. आता पाचही नद्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. खाली पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण झालं, ज्याचा पाया २२ एप्रिल १९८८ रोजी घातला गेला, आणि त्याचं पाणी इथवर तुंबलं. कितीतरी गावं उठली. नव्या उंच पुलावरून माणसं तळं बघायला येतात. कुहीकरांच्या वाट्याला आलेलं हे तळं बर्फानं नाही, सरकारनं घातलेलं आहे, आणि त्याला सांडवा आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो, तडकतो, आणि त्याच्या कडा पापडासारख्या वर वळतात. मी त्यातली एक खपली उचलली. तोडल्यावर आत दोन थर होते. खाली भरड, वाळूचा, पुराच्या दिवसांतला. वर करडा, बारीक, पाणी थांबल्यावर बसलेला. मासे विकायला निघालेल्या एका बाईनं विचारलं, "काय सापडलं जी?" मी खपली तिच्या हातावर ठेवली. तिनं उलटीपालटी करून बघितली आणि पाण्यात टाकून दिली.